डावीकडची चुणी

रविवार, ९ मार्च. दुपारी ४ वाजून ४० मिनिटे.

ही वेळ मी सभागृहाच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. ते घड्याळ दोन मिनिटं पुढे असतं, म्हणून दोन मिनिटं वजा करून लिहिली आहे. या वेळी, निवृत्त कर्मचारी मंडळाच्या खाद्यस्पर्धेत, पस्तीस माणसांसमोर, मला खोटारडी ठरवण्यात आलं.

तो शब्द कोणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. परीक्षक म्हणून बसलेली ती भिंगवाली (निवृत्त शिक्षिका, गळ्यात साखळी, साखळीला चष्मा, चष्म्यामागे दोन उकडलेली अंडी) माझा समोसा उलटा करून बघत राहिली. मग म्हणाली, "हे विकतचे आहेत."

"काय?"

"घरच्या स्पर्धेत विकतचं चालत नाही, बाई. नियम तुम्हीच लिहिलेत."

नियम मीच लिहिले आहेत. मंडळाची लेखनिक मी आहे. तेहेतीस वर्षं विमा कचेरीत लघुलेखिका होते, पाच साहेब आले आणि गेले, माझ्या हातून एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. आणि ही मला नियम सांगणार!

म्हणे, पाठीमागची चुणी डावीकडे पडली आहे. कोपऱ्यावरचा समोसेवाला डावखुरा आहे, त्याची चुणी अशीच पडते, ती आठवड्यातून दोनदा त्याच्याकडून घेते. म्हणजे स्वयंपाकघरात पाय न ठेवणाऱ्या बाईला परीक्षक नेमलं आहे, हे तिनेच कबूल केलं. मी चुणी बघायला वाकलेसुद्धा नाही. स्वतःच्या हातचं काम वाकून बघायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही. उलट सगळ्यांदेखत त्यातला एक उचलला आणि खाल्ला. अगदी माझाच. तसाच कुरकुरीत, तसाच दाताखाली वाजणारा.

अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. ते म्हणाले, "आवाज तर मला इथवर ऐकू आला. पण परीक्षकांचा निर्णय..." आणि पुढे नुसतंच हसले. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवली, स्वतःचं उघडायची वेळ आली की हे असं.

भिंगवालीने इतिवृत्ताची वही माझ्या हातातून घेतली, माझ्या हातातून, आणि लिहिलं: "समोसे – बाद – विकतचे." र्‍हस्व-दीर्घ बरोबर होतं, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल. ही वही शनिवार, २२ तारखेच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचतात. दरवर्षी मीच वाचते.

सकाळी चोवीस समोसे केले होते. मोहन घातलेल्या मैद्याची मूठ वळून बघितली, न फुटता टिकली. कणीक घट्ट मळली, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवली. बटाटे हाताने फोडले, सारण पूर्ण गार होऊ दिलं. तेल कोमट असताना सोडले आणि पंचवीस मिनिटं जागची हलले नाही. एकावर फोड नव्हता. मग पाठ टेकावी म्हणून पडले. धाकटी म्हणाली, "ताई, तू ये सावकाश, डबा मी पुढे नेते." ती तीनला निघाली. सभागृह पाच मिनिटांवर. मी साडेतीनला पोचले तर ही अजून यायची होती. म्हणे, चप्पल तुटली.

धाकटी माझी बहीण. तीही एकटी, मीही एकटी, म्हणून सात वर्षांपूर्वी दोन घरांचं एक केलं. घरी येताना सगळ्या वाटेने माझ्या दोन पावलं मागे चालत होती. माझ्या अपमानाने तिला माझ्याहून जास्त लागलं असावं.

सोमवार, १० मार्च

रागाच्या भरात घरी बसण्यापेक्षा एक राहिलेलं काम उरकलं. किराणावाल्याला ओवा परत केला.

"याला वास नाही."

त्याने पुडी नाकाशी नेली आणि शिंकला. "बाई, कालच पोतं फोडलंय. याहून ताजा कुठे मिळेल?"

"शिंक धुळीची आहे. ओव्याची नाही."

"तुम्हाला सर्दी वगैरे?"

"सर्दी तुमच्या मालाला झाली आहे."

जानेवारीत मला तो आठ दिवसांचा ताप आला, तेव्हापासून हा माणूस सोकावला आहे. बाई अंथरुणावर आहेत, खपवा जुना माल! आधी जिरं गेलं, मग धने, मग आलं. मिरचीत तर राम उरला नाही. लिंबू पिळा, नुसतं आंबट पाणी. मी गप्प बसले का? नाही. पण कुटुंबाला बेचव खाऊ घालायचं नाही म्हणून मिरची दुप्पट केली, मग तिप्पट. ओवा, आलं, सगळं तिप्पट. बाकी मापं आईच्या वेळची आहेत, ती ग्रॅमभर बदललेली नाहीत.

त्याला सांगितलं, लेखी तक्रार करीन. म्हणाला, "करा, बाई. तुम्ही लिहिलं की वाचायला मजा येते."

बुधवार, १२ मार्च

मंडळाला पत्र दिलं. तीन प्रती. मागण्या: एक, माझे समोसे समितीसमक्ष, माझ्या स्वयंपाकघरात, पिठापासून तळणापर्यंत पुन्हा करून दाखवीन. दोन, स्पर्धेतला एक समोसा मंडळाच्या फ्रीजमध्ये उरला आहे, तो पुरावा म्हणून तिथेच सीलबंद ठेवावा. तीन, दोन्ही शेजारी ठेवून तपासणी व्हावी. चार, ती ओळ खोडावी.

पुराव्याचं काम स्वतः उभं राहून करून घेतलं. समोसा पाकिटात, पाकिटावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझी आणि अध्यक्षांची अर्धी अर्धी सही. ते म्हणाले, "बाई, दातसुद्धा आम्ही इतक्या काळजीने जपत नव्हतो." मी हसले नाही.

एक साक्षीदार अनपेक्षितपणे मिळाला. इमारतीचा वॉचमन. रविवारपासून मला बघितलं की खुर्चीतून उठतो. आज हात जोडून म्हणाला, "बाई, रविवारचे तुमचे समोसे... असे समोसे आयुष्यात खाल्ले नाहीत. रात्रभर आठवण येत होती." पोटावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी होतं. शिकलेल्या पस्तीस माणसांना जे कळलं नाही ते या माणसाला कळलं. त्याचं नाव पत्राखाली साक्षीदार म्हणून घातलं आहे.

धाकटीला विचारलं, त्याला कुठून दिलेस? चोवीसच्या चोवीस तर डब्यात होते. म्हणाली, "उरले होते, ताई." मग उठून न वाळलेले कपडे काढायला गेली.

शुक्रवार, १४ मार्च

सराव केला. बारा. सुरेख झाले. उंची सारखी, टोकं सारखी, सगळे आपापल्या बुडावर उभे, शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलींसारखे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टर आम्हाला फ्रॉकचा काठ पाचपाच वेळा उसवायला लावत. "मुली, उलट्या बाजूने जे सुंदर तेच सुंदर." समोशाची चुणी मी त्यांच्याच पद्धतीने घालते, पाठीवर एक, फुलीच्या टाक्याइतकी. आणि हे लोक मला उजवं-डावं शिकवतात!

धाकटीने एक घेतला, कोपरा मोडला, म्हणाली जेवण जड झालंय.

"जेवण? दुपारी तू पेज घेतलीस."

"ताई, सोड ना हे सगळं. काय करायचंय त्या वहीचं? चार म्हाताऱ्या ऐकणार आणि चहा पिऊन विसरणार."

"मी विसरणार नाही."

"तू कशी विसरशील," ती म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा ते कळलं नाही.

"मी खोटं बोलले असं वहीत लिहिलंय. तुला शाळेतली ती वही आठवते?"

आठवते, असं तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. मदरच्या टेबलावर चुकांची वही असे. आपली चूक आपल्या अक्षरात लिहून खाली सही करायची. तोंडाने धाकटी हवं ते दडपून सांगे, अगदी निर्मळ चेहऱ्याने. पण ती वही समोर आली की हिच्या हाताला खोटं लिहिता येत नसे. एकदा माझ्यासाठी खोटं लिहायला बसली, शाईचा डाग पाडला, रडली आणि खरं लिहून आली. शिक्षा मला झाली. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

संध्याकाळी दोघी भाजीला गेलो. कोपऱ्यावरचा तो डावखुरा कढईमागून ओरडला, "काय ताई, आज डबा नाही आणला?" मी मागे वळून पाहिलं. आमच्यामागे कोणी नव्हतं. धाकटी म्हणाली, "त्याला सगळ्याच ताई." बाजारू सलगी. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने झारा खाली ठेवला.

शनिवार, १५ मार्च

उत्तर नाही. या लोकांना उत्तर या शब्दाचा अर्थ दिशा एवढाच माहीत असावा.

सोमवार, १७ मार्च

मंडळाचं उत्तर आलं. बुधवारी अकरा वाजता अध्यक्ष आणि भिंगवाली घरी येतील. पुरावा सोबत आणतील. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका.

सकाळी धाकटीशी कडाक्याचं भांडण. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. ही बाहेरून आली ती पिशवी टाकून धावतच शेगडीशी. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, दार उघडलं.

"ताई! गॅस चालू होता!"

"नव्हता."

"अगं, जिन्यापर्यंत वास येतोय!"

"जिन्यापर्यंत येतो आणि मला येत नाही? मी इथे पाऊण तास बसले आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. हे गेले दोन महिने चाललं आहे. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले की ही आत जाऊन बटणं चाचपते. मी काय वेडी झाले आहे? माझा सहा आकडी टेलिफोन नंबर, पहिल्या साहेबांच्या बायकोचा वाढदिवस, सगळं तोंडपाठ आहे. तिला म्हटलं, माझ्यावर पहारा ठेवायचा असेल तर वॉचमनसारखी टोपी घाल.

ती हसली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

बुधवार, १९ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

अकराला दोघं आली. मी वजनकाटा टेबलावर ठेवला होता. मैदा त्यांच्यासमोर मोजला, मोहन चोळलं, मूठ वळून अध्यक्षांच्या हातात दिली. "फोडून बघा." त्यांनी दाताची कवळी पकडावी तशी दोन बोटांत धरली. फुटली नाही. मसाले घातले तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, मिरची जरा..." मी म्हटलं, "परीक्षा माझी आहे."

भिंगवाली दर मिनिटाला शिंकत होती. मी पंखा बंद केला.

कणीक मुरली, सारण निवलं. लांबट पोळी लाटली, मधोमध कापली, शंकू वळला, भरला, चुणी घातली, तोंड मिटलं. आठ समोसे, कोमट तेल. बुडाशी बसले, मग एकेक सावकाश वर आला. पंचवीस मिनिटं चौघंही कढईकडे बघत होतो. बदामी रंगावर काढले.

अध्यक्षांनी पहिला घास घेतला. आवाज असा झाला की मी भिंगवालीकडे विजयाने पाहिलं. मग अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मग जांभळा. त्यांनी पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. भिंगवालीने अर्धा घास घेतला, चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"नाटक पुरे," मी म्हणाले. मी स्वतः एक खाल्ला. उत्तम. जिभेला जरा चटका बसला, तो गरम असल्यामुळे. "धाकटे, तू सांग यांना."

तिने एक उचलला. कोपरा मोडला नाही, फुंकर घातली नाही. सबंध खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत. तिच्या कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, गाल भिजले. तिने पाणी मागितलं नाही. म्हणाली, "छान झालेत, ताई. नेहमीसारखे."

नेहमीसारखे.

मला अजूनही काही समजलेलं नव्हतं. मी कात्री घेतली, पाकिटावरची माझी सही कापली आणि पुराव्याचा समोसा माझ्या समोशाशेजारी ठेवला, पाठ वर करून, म्हणजे सारखेपणा सगळ्यांना दिसेल.

माझी चुणी उजवीकडे होती. आठही समोशांची. त्या दहा दिवसांच्या शिळ्या समोशाची डावीकडे.

मी टोकं मोजली, उंची मोजली, तो फिरवून बघितला. फिरवल्याने चुणी बाजू बदलत नाही. उलट्या बाजूने जे दिसतं तेच खरं.

भिंगवालीने चष्मा परत डोळ्यांना लावलाच नाही, टेबलाकडे बघावं लागू नये म्हणून. तिचा इतका राग मला त्या रविवारीही आला नव्हता. अध्यक्ष घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, हे घरचेच आहेत, याबद्दल माझी खात्री पटली. ती ओळ आपण खोडू." आणि पुन्हा पाण्याकडे वळले.

दोघं गेली. धाकटी भांडी घासायला बसली. नळ पूर्ण सोडला होता, आवाज मोठा यावा एवढा. मी माझ्या खोलीत आले आणि दार लावलं.

गुरुवार, २० मार्च

सकाळी टोपलीतून संत्रं घेतलं. सोललं. साल नाकाशी धरून दुमडली, हातावर तुषार उडाले.

काही नाही.

मग ओव्याचा डबा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. कॉफी. अंगाचा साबण. खोबरेल तेल. एकामागून एक सगळं टेबलावर मांडलं. जसं काही मी ते सगळं चित्रात पाहत होते.

साडेदहाला स्वयंपाकघराच्या दारात गेले. धाकटी पाठमोरी होती, पातेल्यावर झाकण होतं. दहा मिनिटं उभी राहिले. मग परत आले.

किराणावाल्याला दिलगिरीचं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. त्याला त्यात मजा येणार नाही. मंडळालाही लिहिलं: ९ तारखेच्या इतिवृत्तातली ओळ खोडू नये, ती बरोबर आहे. डब्यातले समोसे विकतचे होते, मला त्याची कल्पना नव्हती, परंतु डबा माझ्या नावाचा होता. शनिवारी ती ओळ मीच वाचीन.

तिसरं पत्र धाकटीच्या खोलीच्या दाराखालून सरकवलं. त्याची प्रत इथे ठेवते.

"चि. धाकटीस,

विषय: फसवणूक.

तुझ्यावर मी किती रागावले आहे हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले, तेव्हा ते गृहीत धर. त्या बाईने मला पस्तीस लोकांसमोर खोटं ठरवलं आणि ती खरी होती. मी दहा दिवस भांडत होते ते तुझ्या खोट्यासाठी. तू शेजारी बसून मला भांडू दिलंस. चपला मी आज पाहिल्या, दोन्ही जोड धडधाकट आहेत.

पुढील प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत.

एक. माझे चोवीस समोसे कुठे गेले? वॉचमनला त्यातले किती दिलेस, आणि त्याची प्रकृती आता कशी आहे?

दोन. जानेवारीपासून माझ्या हातचं किती वेळा फेकलंस, किती वेळा खाल्लंस? आकडे हवेत. पेज मोजू नये.

तीन. मला वास येत नाही हे तुला केव्हा कळलं? कळलं त्या दिवशी तू मला का सांगितलं नाहीस? 'तुला वाईट वाटलं असतं' हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. वाईट वाटायचा हक्क माझा आहे, तू तो परस्पर वापरलास.

चार. गॅस किती वेळा चालू राहिला? सोमवार धरून.

पाच. आज सकाळी साडेदहाला तू काय शिजवत होतीस? मी दारात उभी होते.

तोंडी उत्तर चालणार नाही. तोंडाने तू काहीही सांगतेस. सोबत कोरा कागद आणि माझं पेन जोडलं आहे. खाली सही करावी. डाग पडला तरी चालेल.

उत्तर उद्या, शुक्रवार, दिनांक २१ मार्च, सकाळी साडेसातच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, चहा ठेवण्याआधी. ते येईपर्यंत मी शेगडीला हात लावणार नाही. आल्यावरही गॅस तू पेटवायचा आहेस.

तुझी,
ताई"